वादळवीराचा सौदा

फोन वाजला तेव्हा देवराव शेजारच्या लखीरामच्या नव्या गोऱ्ह्याला नावं ठेवत होते. गोऱ्हा लखीरामनेच हौसेने त्यांच्यापुढे आणून उभा केला होता. खूर फाकलेले, शेपटी आखूड, नजर चोरटी, असं देवराव एकेक काढत होते आणि लखीराम खुशीत माना डोलवत होता. इतकी नावं ठेवली, म्हणजे गोऱ्हा देवरावांना पसंत पडला, हे त्याला पक्कं कळत होतं.

नावं ठेवणं हा देवरावांचा धंदा नव्हे, पण गावाने त्यांना ते काम लावून दिलं होतं. घाटंजीच्या आठवडी बाजारात कोणाला काही घ्यायचं असलं, बैल असो, बकरी असो, जुनी मोटारसायकल असो, तो देवरावांना सोबत नेई. देवराव वस्तूभोवती एक चक्कर मारत, नाक मुरडत, आणि मग तोंडाचा पट्टा असा सुरू करत, की विकणाऱ्याला स्वतःच्याच मालाची लाज वाटू लागे. त्याचा चेहरा उतरला की मागोमाग भावही उतरे. आणि जी वस्तू मुळातच घ्यायची नसे, तिला देवराव फक्त "चांगली हाय" म्हणत आणि पुढे चालू लागत.

बाजारातली ही रीत होता होता गावात शिरली. आवडलेल्या गोष्टीला नावं ठेवायची आणि नावडतीला चांगलं म्हणून वाटेला लागायचं, असा सगळ्या गावाचाच रिवाज होऊन बसला. एका घरी नवी सून आली तेव्हा गावातल्या वडीलधाऱ्या वच्छलाबाई तिला बघून "चांगली हाय" एवढंच म्हणाल्या, तर त्या पोरीची सासू मागच्या दारी जाऊन रडली. बाहेरच्या माणसाला हे कोणी कधी समजावून सांगितलं नाही. सांगायला कशाला पाहिजे, सगळी दुनिया असंच बोलत असेल, अशी गावाची समजूत होती.

त्या साली एका कापसाला नावं ठेवायला मात्र देवरावांची गरज उरली नव्हती. गुलाबी अळीने बोंडं आतून पोखरली होती आणि व्यापारी गाडीकडे धड न बघताच तोंड वाकडं करत होते. भाव चढेल या आशेवर घराघरात छतापर्यंत कापूस कोंबलेला होता. त्यावरच उठबस, त्यावरच झोप. कापसातले किडे चावून चावून सगळं गाव सकाळ-संध्याकाळ अंग खाजवत होतं.

फोन मोनालीचा होता. देवरावांची ही पोरगी नागपूरला कार्टून काढणाऱ्या एका कंपनीत लागली होती. त्या कंपनीने 'वादळवीर' नावाचा सिनेमा केला होता. एस.टी. स्टँडवरच्या दुकानात दोरीला रंगीत चित्रांची पुस्तकं टांगलेली असत, त्यातल्याच एका पुस्तकातला हा उडणारा बहाद्दर, आता पडद्यावर हलता-बोलता केलेला. सिनेमात मधेच एक खेड्याचा भाग होता. शेत, बैल जुंपलेल्या बंड्या, माणसं, तो सगळा भाग मोनालीच्या हातचा. पण पुण्याकडच्या लोकांना सिनेमा दाखवला, तर ते म्हणाले, खेडं काढून टाका, कंटाळा येतो. कंपनीचे मालकही कात्री घेऊनच बसले होते. मोनालीचे देशकर सर तेवढे अडून बसले, की खेड्याचं मत खेड्याला विचारू.

"रविवारी सर घेऊन येतात सिनेमा आपल्या गावात," मोनाली म्हणाली. "लोकं काय बोलतील ते कॅमेऱ्यात घेतील. लोकाइले आवडलं तर माहा भाग राह्यते, अन् मी नोकरीत पक्की होतो. नाही आवडलं तर भाग जाते बाबा, अन् त्याच्यासंगं मी बी."

देवरावांनी फोन ठेवला आणि गोऱ्ह्याच्या उरलेल्या खोडी तशाच सोडून ते घरात आले. पोरगी चित्रं काढायला शिकायला निघाली तेव्हा सगळी भावकी हसली होती. पुंडलिकराव माजी सरपंच तर चारचौघांत म्हणाले होते, की देवरावाची पोरगी दुकानांच्या पाट्या रंगवायला चालली. देवराव एकटे सगळ्यांशी भांडले होते. उभ्या दुनियेला नावं ठेवणाऱ्या माणसाच्या घरात नावं ठेवण्यासारखी ही एकच जागा गावाला सापडली होती. पोरगी बोचकं घेऊन परत आली असती तर त्यांना गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पोरीचं तोंड त्यांना बघवलं नसतं. पण हे ते कोणाला बोलले नाहीत. असलं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

बायकोने, कौसल्याबाईंनी, त्यांना बजावून ठेवलं, की रविवारी तुम्ही तोंड उघडायचं नाही. देवरावांनी कबूल केलं. गावाला मात्र काही सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आवडलं तर गाव बोलेलच, असं ते म्हणाले. गाव कसं बोलतं, हे ते साफ विसरले होते.

रविवारी दुपारी सरांना, मोनालीला आणि कॅमेरेवाल्याला घेऊन जीप आली. देशकर सर उतरले ते पांढरी स्वच्छ पँट घालून. समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावून आत अंधार केला होता. एका कोपऱ्यात पुंडलिकरावांचा कापूस पडला होता. घरात जागा उरली नाही म्हणून माजी सरपंचांनी तो सार्वजनिक जागेत आणून टाकला होता आणि त्याबद्दल त्यांना कोणी विचारायचं नाही, असा त्यांचाच ठराव होता. सरांना खुर्ची दिली, तर ते म्हणाले, नको नको, मी तुमच्यातच बसतो, आणि तो मऊ ढीग बघून खुशाल त्यावर जाऊन बसले. पाहुण्याला अडवावं कसं, म्हणून कोणी काही बोललं नाही.

सिनेमा सुरू झाला. वादळवीर नावाचा तो गडी आला. छाती दरवाजाएवढी आणि कंबर मनगटाएवढी. पाठीला सतरंजीएवढं लाल कापड बांधलेलं, ते वारा नसतानाही फडफडत होतं. काळदंत नावाचा दुष्ट शहरावर लोखंडी किडे सोडत होता आणि वादळवीर इमारतींवरून उड्या मारत त्यांना बुकलत होता. गाव शांत बसून बघत होतं. किड्यांचं गावाला काही कौतुक नव्हतं, त्यांच्या घरात किडे भरपूर होते. वच्छलाबाई पदराआड जांभई देऊन शेजारणीला म्हणाल्या, की चांगलं आहे. शेजारीणही म्हणाली, हो, चांगलंच आहे. मागे दोन माणसं बिडी ओढायला उठली.

मग काळदंताने किडे खेड्याकडे वळवले आणि पडद्यावर पराटीचं, म्हणजे कापसाच्या झाडांचं, वावर आलं. बंडी आली, बंडीखालून चालणारं कुत्रं आलं, कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया आल्या. बिडीवाले धावत आत आले. सगळं समाजमंदिर पुढे सरकून बसलं आणि एकदम बोलायला लागलं. हा बैल असा काय चालतो, त्या बाईने ओटी कशी बांधली, कुत्र्याचा कान पाहा, नुसता पापड. वादळवीर उभ्या पिकात येऊन उतरला आणि एक म्हातारी विळा घेऊन त्याच्या अंगावर गेली, तेव्हा तर अशी गडबड उडाली, की म्हातारीच्या शिव्या कोणाला ऐकूच गेल्या नाहीत. गावातल्या कापूस वेचणाऱ्या बायकांनी तेवढा तुकडा पुन्हा लावायला लावला. दुसऱ्यांदा तो तुकडा पाहताना त्यांना आणखी चुका सापडल्या.

सिनेमा संपल्यावर बाहेर लिंबाखाली कॅमेरा मांडला. एकेक जण पुढे येऊन बसू लागला. खेड्याचा भाग कसा वाटला, असं सरांनी लखीरामला विचारलं.

"बंडीच्या जुवाले शिवळच नाही," लखीराम म्हणाला. "पयल्या वळनावर बैल सुटून जातीन. असं कोनं काढलं हे? अन् डावा बैल उजव्यापेक्षा लहान हाय. एवढ्या लहान बैलासंगं जोडी लावते काय कोनी?"

वच्छलाबाईंनी कॅमेऱ्यात बोट घालूनच सुरुवात केली. वेचणाऱ्या बाईच्या हाताला बोंडाचे ओरखडे नाहीत, लुगडं कोरं करकरीत, डोक्यावरचा फडका तर लग्नाला निघाल्यासारखा. अशी बाई त्यांच्या वावरात आली असती तर दुपारच्या आत त्यांनी तिला घरी पाठवली असती. पुंडलिकरावांनी तर ठरवूनच आल्यासारखा सिनेमा झोडून काढला. उडता येतं म्हणून काय उभ्या पिकात उतरायचं, बांध कशाला असतो, आणि पराटीच्या एका तरी पानाला भोक आहे का. अशी पराटी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. असल्या सिनेमात राम नाही, असं सांगून ते उठले आणि पुन्हा मागे फिरून म्हणाले, "अन् कुत्रं बंडीच्या सावलीत चालते. यानं उन्हात चालवलं."

"आणि शहराचा भाग?" सरांनी विचारलं.

"तो चांगला होता," पुंडलिकराव म्हणाले.

रांगेतल्या प्रत्येकाने हेच सांगितलं. शहर चांगलं, वादळवीर चांगला, किडे चांगले. खेडं मात्र एकानेही सोडलं नाही. एका म्हाताऱ्याने तर विहिरीच्या राहाटाला इतकी नावं ठेवली, की कॅमेरेवाल्याची बॅटरी उतरली. पाठीमागे उभी असलेली मोनाली लाल होत चालली होती, तिला हसू आवरत नव्हतं. तिचं काम गावाला एवढं आवडेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. इकडे देशकर सर मात्र पांढरे पडत होते, आणि एका हाताने मानेला, दुसऱ्याने पोटरीला खाजवत होते.

सरांनी तिला बाजूला घेतलं आणि फार हळुवारपणे म्हणाले, की मोनाली, तुझ्या स्वतःच्या गावालाही तुझा भाग आवडला नाही, आता मी वर काय सांगू. तिने सगळं उलट आहे म्हणून समजावलं, नावं ठेवली म्हणजे आवडलं, चांगलं म्हटलं म्हणजे नापसंत. सर तिच्याकडे दया आल्यासारखे बघत राहिले. भाग उडवायची वेळ आली की प्रत्येकजण असंच काहीतरी सांगतो, असं ते म्हणाले, आणि खाजवू लागले.

देवराव लिंबाच्या बुंध्याआड उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शहरातली माणसं शब्दाला शब्द धरतात, हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी कौसल्याबाईंना सरांसाठी चहा ठेवायला पिटाळलं, आणि लोकांना आणखी काही आठवलं आहे, पुन्हा एकदा घ्या, असं सरांना सांगून चहाच्या निमित्ताने त्यांना ओसरीवर नेऊन बसवलं. मग ते लोकांच्यात घुसले. आता सगळ्यांनी फक्त चांगलं म्हणायचं, एक नाव ठेवायचं नाही, असा त्यांनी हुकूम सोडला.

"काहून?" लखीराम म्हणाला. "एवढं काही वाईट नोहतं."

देवरावांनी त्याला समजावलं, की साहेबांच्यात चांगलं म्हणजे चांगलंच असतं. लखीरामला ते पटेना. असं असेल तर ते लोक बाजार कसा करतात, असं तो विचारू लागला. वच्छलाबाई तर हटूनच बसल्या.

"माह्यानं नाही होनार," त्या म्हणाल्या. "पोरगी माह्या डोयासमोर लहानाची मोठी झाली. तिच्या तोंडावर चांगलं म्हनू? काय वाटीन तिले?"

देवरावांनी हात जोडले तेव्हा कुठे गाव तयार झालं. पण तयार झालं म्हणून जमलं असं नाही. चांगलं म्हणायची गावाला एकच पद्धत माहीत होती, ती म्हणजे दुकानापुढून सटकायची. सर चहाचा कप घेऊनच परत आले. लखीराम कॅमेऱ्यापुढे बसला, "चांगलं हाय, पाहू मंग," म्हणाला आणि लगेच उठला. त्याच्या मागचा म्हणाला, चांगलं आहे, घरी विचारून सांगतो. वच्छलाबाई कॅमेऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, चांगलं आहे बापा, आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या.

पुंडलिकरावांना मात्र लांबलचक कौतुक करता येत होतं. सरपंच असताना त्यांनी तसं पुष्कळ केलेलं होतं, पण शोकसभांमधून. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, मान खाली घातली आणि खेड्याचा भाग किती मनमिळाऊ, किती निगर्वी होता, ते भरल्या गळ्याने सांगितलं. त्या भागाच्या जाण्याने गावात कधी न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे, असं म्हणून त्यांनी दोन मिनिटं उभं राहायची विनंती केली. चारसहा जण सवयीने उभेही राहिले.

देशकर सर चहाचा कप हातात धरून बघत राहिले. मग त्यांनी कप खाली ठेवला, मोनालीला आणि कॅमेरेवाल्याला बोलावलं आणि तिघं जीपमध्ये जाऊन बसले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते आधी घेतलेलं सगळं पुन्हा पाहू लागले. देवरावांना लांबून काही ऐकू येत नव्हतं. सर मधेच काहीतरी विचारत, मोनाली हात हलवत सांगे, कॅमेरेवाला मागे-पुढे करी. एकदा सर पोट धरून हसले. ते बघून देवरावांचं धाबं दणाणलं. विकणाऱ्याच्या तोंडावर हसणारं गिऱ्हाईक माल घेत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

बऱ्याच वेळाने सर खाली उतरले. चेहरा शांत, हातात जीपची किल्ली. देवरावांसमोर येऊन त्यांनी नमस्कार केला.

"काका, तुमच्या मुलीचं काम फार चांगलं आहे," ते म्हणाले. "आम्ही आता निघतो. बाकीचं नंतर बोलूच."

मघाशी गावाला शिकवलेलं देवरावांच्या डोक्यातून साफ उडालं. चांगलं आहे, निघतो, नंतर बोलू. बाजारात ते स्वतः असंच चांगलं म्हणून पाठ वळवत आले होते, आणि हे बोलून ते कधी मागे फिरले नव्हते. सरांनी पाठ वळवलीसुद्धा. जीपजवळ मोनाली उभी होती. पोरीचं सगळं संपलं, असं देवरावांना वाटलं, आणि जन्मभर गिऱ्हाइकाच्या बाजूने बोललेला हा माणूस पहिल्यांदा विकणाऱ्याच्या जागी येऊन उभा राहिला. त्यांनी धावत जाऊन सरांची बाही धरली.

"थांबा साहेब, असे नका जाऊ," ते म्हणाले. "असा माल पुन्हा भेटनार नाही. सारा बाजार फिरून या, नाही भेटनार."

विकणाऱ्यांच्या तोंडची इतकी वाक्यं त्यांनी ऐकली होती, की आणखी दहा बोलता आली असती. पण ती सुचेनात. ते नुसते बाही धरून उभे राहिले. सगळं गाव जमा झालं होतं. मोनाली काहीतरी सांगायला दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

"तिनं तो बैल काढला ना साहेब," देवराव म्हणाले, "तो वावरातून घराकडं निंगाला का मान खाली टाकते. सकायी नाही टाकत. हे कोनाले सांगून नाही समजत. ते पोट्टी लहान असताना माह्या बाजूले बंडीत बसे, तवा तिनं पाह्यलं. अन् ते वेचनारी बाई घाम मनगटानं पुसते, पदरानं नाही, काहून का पदरात कापूस हाय. हे माह्या बी ध्यानात आलं नोहतं. इतके वर्षं मी बैलं पाहून राह्यलो, मानसं पाहून राह्यलो, मले फक्त खोट दिसली साहेब. हिले सारं दिसलं."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"मी आजवर कोन्या गोष्टीले मनातून चांगलं म्हटलं नाही. या गावाले विचारा. माही पोरगी चांगली हाय. लय चांगली हाय. तिच्यावानी दुसरी नाही."

पुंडलिकरावांनी पुन्हा टोपी काढली. लखीराम तर इतका घाबरला, की देवरावांना चक्कर वगैरे येते की काय म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन आला.

देशकर सरांनी बाही सोडवून घेतली नाही. ते गोंधळून देवरावांकडे आणि मोनालीकडे आळीपाळीने बघत होते.

"पण काका, मी तेच तर म्हणालो," ते म्हणाले. "काम चांगलं आहे. शहराच्या भागातलं तुमच्या लोकांना काळदंताचं नावसुद्धा आठवत नाही आणि तिच्या कुत्र्याचा कान सगळ्यांना पाठ आहे. भाग राहणार, एक फूटसुद्धा कापणार नाही. आणि मोनाली आजपासून पक्की. हे मी तिला मघाशीच गाडीत सांगितलं."

"चांगलं म्हंजे..." देवराव म्हणाले.

"चांगलं म्हणजे चांगलं."

देवरावांनी बाही सोडली. मग त्यांनी हळूच पोरीकडे बघितलं. मोनालीचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"तुले माहीत होतं?"

"होतं ना बाबा."

"मंग मले थांबवलं काहून नाही?"

"कायले थांबवू?" मोनाली म्हणाली. "पयल्यांदाच बोलून राह्यले होते तुम्ही."

तेवढ्यात देवरावांचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. त्याचा लाल दिवा लागलेला होता. सरांची बाही धरल्यापासूनचं सगळं त्यात गेलं होतं. देवरावांनी कॅमेरेवाल्याला ते पुसून टाकायला सांगितलं, दटावलं, शेवटी विनवलं. तो म्हणाला, की आता मला मोनाली मॅडमचं ऐकावं लागतं, त्या पक्क्या झाल्या. मॅडमनी नाही म्हणून सांगितलं. सर खाजवत खाजवत जीपमध्ये बसले आणि गेले. मोनाली एक दिवस राहिली.

गाव घरोघर पांगलं, पण देवरावांकडे बघण्याची गावाची नजर बदलली. पुढच्या बाजाराला लखीराम बकरी घेणार होता. तो येऊन अडखळत म्हणाला, की या खेपेला मी दुसऱ्या कोणाला नेतो. बकरीवाल्याच्या कानावर गेलं असेल, तुम्ही मधेच चांगलं म्हणून बसलात तर माझी पंचाईत होईल. देवरावांनी नुसती मान हलवली. एका दुपारात त्यांची सगळी अब्रू गेली होती, आणि नवल म्हणजे त्यांना तिचं फारसं वाईटही वाटत नव्हतं.

दिवेलागणीला ते जेवायला बसले. मोनाली शेजारी बसली. कौसल्याबाई दुपारपासून नवऱ्याशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी ताट पुढे सरकवलं, वांग्याची भाजी वाढली आणि तिथेच बसून राहिल्या.

"म्हंजे येते तुमाले," त्या म्हणाल्या.

"काय येते?"

"चांगलं बोलाले. मले इतके वर्षं वाटे, तुमच्या तोंडाले ते जमतच नाही. म्हनून मी कवाच काही म्हटलं नाही."

देवरावांच्या हातातला घास हातातच राहिला. लग्न होऊन आली तेव्हापासूनची कौसल्या त्यांना एकदम दिसली. विस्तव फुंकणारी, वावरात खपणारी, पोरीच्या फीसाठी गळ्यातली पोत मोडून देणारी. तिला त्यांनी एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी घास तोंडात घातला, नीट चावून गिळला, घसा साफ केला आणि बायकोच्या डोळ्यांत बघून अगदी खरं खरं सांगितलं.

"कौसल्या, भाजी चांगली झाली."

कौसल्याबाईंचा चेहरा पडला. त्यांनी चटकन पातेलं ओढलं, भाजीचा वास घेतला, बोटाने चाखून पाहिली. "काय बिघडलं?" त्या म्हणाल्या. "तेल खवट लागते काय?"

काही बिघडलं नाही, खरंच चांगली आहे, असं देवराव सांगू लागले. जसजसे ते सांगत, तसतशा कौसल्याबाई जास्तच घाबरू लागल्या. त्यांनी मिठाचा डबा काढला, वांगं चिरून आत अळी तर नाही ना पाहिलं, शेवटी ताटातली भाजी काढून घेऊन पिठलं टाकते म्हणून चुलीकडे वळल्या. मोनाली भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून हसत होती. देवरावांनी एकदा पोरीकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि हताश होऊन नाक मुरडलं.

"मीठ कमी," ते म्हणाले. "वांगं कच्चं. रस्सा पानचट. अन् तिखट कुठं टाकलं, शेजाऱ्याच्या घरी?"

"मंग तसं सांगा ना," कौसल्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हसून आणखी दोन पळ्या भाजी वाढली.